रेम्को एव्हेनेपुल: टूर द फ्रान्स जिंकण्याइतका घाटातला रायडर होईल का?

चढणवेडा

२०२६ च्या टूरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हापासून डोक्यात हाच विषय घोळतोय म्हणून शेवटी धागा काढतोय. बेल्जियमचा रेम्को २०२६ च्या सीझनपासून सूडाल क्विक-स्टेप टीम सोडून रेड बुल-बोरा-हान्सग्रोहकडे चाललाय, जानेवारीत सव्वीस वर्षांचा होईल, म्हणजे "अजून लहान आहे, शिकेल" म्हणायचे दिवस आता संपले.

ज्यांनी सायकलिंग अलीकडे बघायला सुरुवात केलीय त्यांच्यासाठी थोडी मागची गोष्ट सांगतो. हा पोरगा आधी फुटबॉलर, आंडरलेख्ट आणि पीएसव्हीच्या युवा संघांत खेळलेला, २०१७ मध्ये सायकलकडे वळला आणि २०१८ मध्ये इन्सब्रुकला ज्युनियर वर्ल्डची (जागतिक अजिंक्यपद) टाइम ट्रायल (टीटी, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध) आणि रोड रेस दोन्ही घेऊन गेला. २०१९ मध्ये थेट प्रो, आणि त्याच वर्षी एकोणिसाव्या वर्षी सान सेबास्तियानची एका दिवसाची रेस जिंकली. पुढे २०२० चा लोम्बार्दिया रेसमधला तो भयानक अपघात, उतारावर पुलाचा कठडा लागून खाली दरीत पडला, कंबरेचं हाड मोडलं, फुफ्फुसाला मार. त्यातून उठून २०२२ मध्ये लिएज, सान सेबास्तियान, व्ह्युएल्टा (स्पेनची तीन आठवड्यांची रेस) आणि वर्ल्ड रोड रेस. १९७८ मध्ये योहान डे माउंकने जिरो (इटलीची तशीच रेस) जिंकली होती त्यानंतर बेल्जियमला ग्रँड टूर (टूर, जिरो किंवा व्ह्युएल्टा) मिळाली ती थेट ही. २०२४ मध्ये पहिल्याच टूरला तिसरा आणि पांढरी जर्सी (तरुण रायडरमधला पहिला), मग पॅरिस ऑलिंपिकमध्ये टीटी आणि रोड रेस दोन्ही सुवर्ण, एकाच ऑलिंपिकमध्ये असं याआधी कुठल्याच पुरुष रायडरने केलं नव्हतं.

आता मुद्दा. सगळीकडे वाचतो की रेम्कोला मोठे घाट जमत नाहीत. मला हे अर्धवट निदान वाटतं. तो ज्या दोन दिवशी पूर्ण कोसळला ते दिवस नीट बघा. २०२३ च्या व्ह्युएल्टाची तेरावी स्टेज, सगळे म्हणतात टूरमालेवर गेला, पण तो टूरमालेवर गेलाच नव्हता, तो त्याच्या कितीतरी आधी ओबिस्कवरच मागे पडला होता आणि शेवटी सत्तावीस मिनिटं गमावली. आणि २०२५ च्या टूरची चौदावी स्टेज, तिसऱ्या नंबरवर होता, अंगावर पांढरी जर्सी, आणि दिवसाच्या पहिल्याच घाटावर, टूरमालेवर, सायकलवरून उतरला. दोन्ही वेळेला टूर जिंकलेल्या पोगाचार किंवा विंगेगोरने अटॅक करून त्याला तोडलेलं नाही. सकाळी निघाला तेव्हाच टाकी रिकामी होती. ज्याला चढता येत नाही तो शेवटच्या घाटाच्या शेवटच्या पाच किमीत मागे पडतो, पहिल्या घाटाला नाही. म्हणून मला वाटतं प्रश्न चढण्याचा कमी आणि एका दिवसातून दुसऱ्या दिवसात भरून येण्याचा जास्त आहे, आणि त्यावर काम करता येतं. तुम्हाला काय वाटतं?

---

सेकंदकाटा

धागा आवडला पण निष्कर्षाशी सहमत नाही. आकडे बघू.

रेम्कोचं हत्यार टीटी. २०२४ च्या टूरची सातवी स्टेज, २५.३ किमी, तो जिंकला, पोगाचार १२ सेकंद मागे. २०२५ ची पाचवी स्टेज, काँ शहरातली, ३३ किमी सपाट, परत तो जिंकला, पोगाचार १६ सेकंद मागे. भागाकार करा, दोन्ही वेळेला किलोमीटरमागे जेमतेम अर्धा सेकंद. दोन वेगळी वर्षं, वेगळे रस्ते, आकडा तोच.

आता २०२६ च्या टूरमध्ये वैयक्तिक टीटी एकच, एव्हियाँ ते तोनों, साधारण २६ किमी. याच हिशोबाने त्याला पोगाचारवर मिळणार बारा-तेरा सेकंद, फार तर वीस. आणि २०२५ ला एकट्या ओटाकामच्या घाटावर त्याने किती दिले? ३ मिनिटं ३५ सेकंद. हा खड्डा टीटीने भरायचा तर चारशेहून जास्त किमीची टीटी लागेल. २०१२ मध्ये विगिन्सने टूर जिंकली तेव्हा टीटीचे मिळून शंभरच्या वर किमी होते, तसा मार्ग असता तर आपण वेगळी चर्चा केली असती.

---

चढणवेडा

@सेकंदकाटा अर्ध्या सेकंदाचा हिशोब मी कधी मांडला नव्हता, भारी आहे. पण पोगाचार सोडून बाकीच्यांकडे बघा ना. काँच्या त्याच टीटीत विंगेगोरने १ मिनिट २१ सेकंद दिले होते. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या लढाईत टीटी अजूनही मोठं हत्यार आहे. आणि किगालीला काय झालं ते विसरू नका, वर्ल्ड टीटीत पोगाचार अडीच मिनिटं आधी सुटला होता आणि रेम्कोने त्याला रस्त्यात गाठून मागे टाकलं.

---

सेकंदकाटा

किगालीवरून टूरचा अंदाज बांधू नका. पोगाचार त्या दिवशी चौथा आला, म्हणजे रेम्कोच नाही, आणखी दोघं त्याच्या पुढे होते. तो त्याचा खराब दिवस होता. आठवड्याभराने रोड रेसमध्ये काय झालं बघा, पोगाचार सोनं, रेम्को रुपं, मधे जवळपास दीड मिनिट. मग युरोपियन रोड रेस, तोच क्रम. लोम्बार्दिया, तोच क्रम. जिथे म्हणून चढण आली तिथे हाच निकाल.

---

मागचं चाक

मला एक समजत नाही, कुणी सांगेल का. टीटीमध्ये तो जगात सगळ्यात भारी आहे म्हणजे पाऊण तास सगळ्यात जास्त ताकद तोच लावतो ना? मग घाटातही पाऊण तासच असतो, तिथे का मागे पडतो?

---

वॉटमीटर

@मागचं चाक खरी गोम इथेच आहे, जरा सविस्तर लिहिते.

सपाट टीटीत ५० च्या वर स्पीड असतो, त्या वेगाला रायडरची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते. रेम्कोची उंची १.७१ मीटर, खांदे अरुंद, आणि एकदा टीटी सायकलवर मान खाली घातली की डोकं, पाठ, हात सगळं एका रेषेत येतं आणि तासभर हलत नाही. त्यामुळे फिलिपो गानासारख्या सहा फुटांवरच्या धिप्पाड माणसापेक्षा कमी वॉट लावूनही तो जास्त वेगाने जातो. पॅरिसला ऑलिंपिक टीटी ३२.४ किमी होती, गाना त्यात दुसरा आला, साधारण १५ सेकंदांनी. ती जीत पायांची जितकी तितकीच बसण्याच्या पद्धतीची.

आता तोच रेम्को आठ टक्के चढणीवर ठेवा. वेग आला वीस-बावीसवर, हवेचा वाटा एकदम कमी, आणि हिशोब राहिला वजनाच्या किलोमागे किती वॉट एवढाच. जी गोष्ट त्याला सपाटीवर बाकीच्यांपेक्षा वेगळं करते ती घाटात जवळपास गायब होते. म्हणून टीटीचे निकाल बघून त्याच्या इंजिनाबद्दल आपला अंदाज जरा जास्तच होतो, आणि मग घाटात तेच इंजिन बघून आपण म्हणतो हा कोसळला. तो कोसळत नाही बऱ्याचदा, तो तिथे खरोखर तेवढाच असतो.

दुसरं म्हणजे लय. तो एका गतीने चढणारा रायडर आहे. २०२४ च्या टूरला प्लातो द बेयच्या घाटावर बघा, विंगेगोर आणि पोगाचार एकमेकांना झटके देत होते, याने दोघांना जाऊ दिलं, आपल्या लयीत चढला, २ मिनिटं ५१ सेकंद गेले पण तिसरा आला आणि मागच्या सगळ्यांना लांब ठेवलं. ते मला तेव्हा फार परिपक्व वाटलं होतं. आणि त्याच टूरच्या विसाव्या स्टेजला कुयोलच्या चढावर त्याने स्वतः अटॅक केला, विंगेगोरने उलटा अटॅक केला की हा गेला. झटक्यांची लढाई त्याची नाहीच.

---

मागचं चाक

वा, आता समजलं. धन्यवाद 🙏

---

क्लासिकप्रेमी

मी वेगळं मत मांडतो आणि मनापासून मांडतो. मला हा टूरचा नाद बघवत नाही. लिएज दोनदा, सान सेबास्तियान तीनदा, वर्ल्ड टीटी सलग तीन वर्षं, ऑलिंपिक. एकट्याने पन्नास किमी आधी सुटून जायचं आणि मागच्यांना परत दिसायचंच नाही, ही कला आज पोगाचार सोडला तर दुसऱ्या कुणाकडे आहे? पॅरिसला शेवटच्या चार किमीत पंक्चर झालं, सायकल बदलली आणि तरी मिनिटभराच्या फरकाने जिंकला, आयफेल टॉवरसमोर सायकल बाजूला उभी करून हात पसरले होते, तो क्षण मी कितीही वेळा बघू शकतो. असा रायडर जुलैचे तीन आठवडे पाचव्या-सहाव्या नंबरसाठी झगडत बसतो आणि मग सीझनचा उरलेला भाग थकव्यात जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बेल्जियमचं दडपण मी समजू शकतो, लुसियन व्हान इम्पने १९७६ मध्ये टूर जिंकली त्यानंतर त्यांचा एकही विजेता नाही, २०२६ च्या जुलैला पन्नास वर्षं होतील. पण ते ओझं या मुलाने का वाहायचं.

---

घाटमाथा

क्लासिकप्रेमी, तुमची तळमळ कळतेय पण तो स्वतःच म्हणतोय ना टूर जिंकायचीय. आणि ज्याने व्ह्युएल्टा घेतलीय त्याला "ग्रँड टूर तुझं काम नाही" म्हणणं जरा जास्त होतं.

त्या २०२२ च्या व्ह्युएल्टावर मला लिहायचंय कारण तिथे त्याचं सगळं चित्र दिसतं. सहाव्या स्टेजला लाल, म्हणजे लीडरची जर्सी घेतली, आलिकांतेच्या टीटीत प्रतिस्पर्धी रोग्लिचला पाऊण मिनिटाहून जास्त फरकाने हरवलं, बाराव्या स्टेजला पडला, आणि त्याच वीकेंडला ला पान्देरावर जर्सी हातातून निसटायला लागली. रोग्लिच पुढे गेला तेव्हा याने पाठलाग केला नाही, बसून राहिला, आपल्या गतीने वर आला, पाऊण मिनिट गेलं. दुसऱ्या दिवशी सिएरा नेवाडा, अडीच हजार मीटरवरचा शेवट, तिथे सगळे म्हणत होते आज संपला, तर रोग्लिचला फक्त पंधरा सेकंद दिले. पुढे रोग्लिच पडून बाहेर गेला हे खरं, नाहीतर शेवटचा आठवडा रंगला असता, पण अठराव्या स्टेजला रेम्को पिओर्नालवर स्टेज जिंकला हेही खरं. तिसऱ्या आठवड्यात, डोंगरात, लीडरच्या जर्सीत. ज्याला भरून येत नाही असा रायडर हे करत नाही, त्यामुळे धागाकर्त्याचा "टाकी रिकामी" मुद्दा मला तितकासा पटत नाही.

अजून एक. २०२३ ला ओबिस्कवर कोसळला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लारा-बेलाग्वाची स्टेज ब्रेकअवेमधून (आधीच पुढे सुटलेल्या गटातून) जिंकला, बार्देला मागे टाकून. पुढे आणखी एक स्टेज आणि शेवटी सगळ्यात चांगल्या चढणाऱ्याची जर्सी. थकवा साठलेला असता तर चोवीस तासांत हे पाय आले कुठून?

---

चढणवेडा

@घाटमाथा हा प्रश्न मला पण छळतो, प्रामाणिकपणे सांगतो, लारा-बेलाग्वाचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एक फरक आहे की दुसऱ्या दिवशी जीसीचं (एकूण वेळेच्या क्रमवारीचं) ओझं गेलं होतं, ब्रेकअवेमध्ये आपल्या गतीने चालवायचं होतं, म्हणजे वॉटमीटर म्हणतात ती त्याची लय. पण २०२३ आणि २०२५ एका पिशवीत घालायला नको होते एवढं मान्य. २०२३ ला तो एक दिवस बिघडला. २०२५ ला मात्र उतरती कळा तीन दिवस दिसत होती, ओटाकामला साडेतीन मिनिटं, मग पेरागूदच्या चढाच्या टीटीत बारावा, विंगेगोर त्याच्या दोन मिनिटं मागून सुटला होता आणि शेवटाजवळ त्याला गाठलं, वर्ल्ड टीटी चॅम्पियनला असं बघणं जड गेलं मला, आणि मग टूरमाले.

---

पहाटसराव

२०२५ वर बोलताना त्याचा हिवाळा कसा गेला ते कुणीच लिहिलं नाही अजून. ३ डिसेंबर २०२४, सरावाला निघालेला असताना टपाल गाडीचं दार अचानक उघडलं आणि हा त्यावर आदळला, बरगडी, खांद्याचं पातं आणि हाताचं हाड मोडलं. सीझनची पहिली रेस एप्रिलमध्ये. म्हणजे ज्या महिन्यांत बाकीचे रायडर रोज पाच-सहा तास बेस (सीझनचा पाया) बांधत असतात ते त्याचे गेलेच. परत येऊन पहिल्याच रेसला ब्राबांतसे पेल जिंकला, व्हान आर्टला हरवून, त्यामुळे सगळ्यांना वाटलं झालं, आला परत. पण एका दिवसाची रेस जिंकायला जे लागतं ते लवकर परत येतं. तीन आठवड्यांचं जे खालचं दगडी बांधकाम असतं ना, ते डिसेंबर-जानेवारीतच होतं, ते मागून भरता येत नाही.

२०२४ ला पण तेच, एप्रिलमध्ये इत्झुलियात पडून कॉलरबोन आणि खांद्याचं हाड, ज्यात विंगेगोर आणि रोग्लिच पण पडले ती रेस. तरी टूरला तिसरा आला. २०२१ च्या जिरोला तर लोम्बार्दियानंतर नऊ महिन्यांनी पहिली रेस म्हणून थेट ग्रँड टूर. मोडतोड न होता पूर्ण तयारी करून तो ग्रँड टूरला उतरलाय असं दोन-तीनदाच झालंय, २०२२ ची व्ह्युएल्टा जिंकला, २०२३ ची जिरो, तिथे पहिल्या आणि नवव्या दिवशीच्या दोन्ही टीटी जिंकून गुलाबी, म्हणजे लीडरच्या जर्सीत होता आणि कोविडमुळे घरी गेला. म्हणून मी त्याला अजून बाद करत नाही. एक पूर्ण हिवाळा मिळू दे.

---

वॉटमीटर

पहाटसराव +१. बेसचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता. लय आणि किलोमागे वॉट हे त्याचं छत आहे, पण २०२५ ला तो छताच्या बराच खाली होता. २०२४ च्या टूरमध्ये चौथ्या स्टेजला गालिब्येवरून उतरून दुसरा आला होता, पोगाचारच्या ३५ सेकंद मागे. सतराव्या स्टेजला स्युपरदेव्होल्वीला तर पोगाचार आणि विंगेगोर दोघांकडून थोडे सेकंद परत घेतले. एक टूर पूर्ण केलीय आणि पोगाचारच्या ९ मिनिटं १८ सेकंद मागे होता, तिथून सुरुवात धरा, टूरमालेवरून नाही.

---

सेकंदकाटा

९:१८ पासून धरा, मान्य. तरी नऊ मिनिटं आहेत ती.

---

उतारावरचा

मला त्याच्यातली एक सुधारणा नोंदवायचीय जी चर्चेत सुटतेय. पोझिशनिंग (ग्रुपमध्ये योग्य जागी राहणं) आणि उतार. २०२१ च्या जिरोला मोन्ताल्चिनोच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर तो घाबरलेला स्पष्ट दिसत होता, ग्रुपच्या मागे राहून दोन मिनिटं गमावली. लोम्बार्दियाला पडल्यानंतर वर्षही झालं नव्हतं, कुणीही घाबरेल. आणि त्याच रायडरने २०२४ च्या टूरला त्रॉयच्या ग्रॅव्हल स्टेजला स्वतः अटॅक केला, पोगाचारला बरोबर घेऊन. तीन वर्षांतला हा फरक सरावाने आणि हिमतीने आलाय. मातीवर ज्याने स्वतःला असं बदललं त्याला झटके सहन करायला शिकता येणार नाही असं मी तरी म्हणणार नाही.

---

टीमकार

टीमबद्दल लिहा की कुणीतरी. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल तोच आहे. क्विक-स्टेप ही मुळात क्लासिक आणि स्प्रिंटची टीम, २०२५ च्या टूरला मर्लिए स्प्रिंटसाठी आणि रेम्को जीसीसाठी, दोन दगडांवर पाय. २०२४ ला लांदा होता, तो स्वतः पाचवा आला आणि शेवटपर्यंत रेम्कोच्या जवळ राहिला. २०२५ ला लांदा जिरोच्या पहिल्याच दिवशी पडून मोडला आणि टूरला नव्हता.

रेड बुलकडे रोग्लिच, हिंडली, व्लासोव्ह, पेलिझारी, आणि लिपोवित्झ. आणि इथेच अडचण आहे. लिपोवित्झ हा मूळचा बायथलॉनवाला मुलगा २०२५ च्या टूरला तिसरा आला, पांढरी जर्सी घेतली, म्हणजे रेम्कोने अंगावरून उतरवलेली जर्सीच त्याच्याकडे गेली. जो नुकताच पोडियमवर उभा राहिलाय त्याला "तू आता रेम्कोसाठी पाणी आण" कसं सांगणार? आणि सांगूही नये. मी टीममध्ये असतो तर दोघांना टूरला नेलं असतं, दोघांना मोकळीक दिली असती, पोगाचारला दोन बाजूंनी विचार करावा लागला पाहिजे.

---

क्लासिकप्रेमी

किंवा लिपोवित्झ टूरला आणि रेम्को जिरोला. जिरोच्या मार्गात टीटी भरपूर असली तर ती त्याची रेस आहे. दुमुलँने २०१७ ची जिरो अशीच जिंकली होती, घाटात टिकून राहायचं आणि शेवटच्या दिवशी टीटीत काढून घ्यायची, ३१ सेकंदांनी. मला रेम्कोच्या हातात जिरोचा चषक बघायचाय. २०२३ चं ते अर्धवट राहिलेलं काम आहे.

---

चढणवेडा

दुमुलँचं उदाहरण चपखल आहे. पुढच्या वर्षी तो जिरो आणि टूर दोन्हीकडे दुसरा आला, टूर कधीच नाही मिळाली. तीच भीती आहे.

वरचं सगळं वाचून माझं मत थोडं बदललंय. मी म्हणत होतो प्रश्न चढण्याचा नाही, रिकव्हरीचा आहे. आता वाटतं दोन्ही आहेत पण वेगळ्या जागी. रिकव्हरी आणि हिवाळा नीट झाला तर तो परत पोडियमवर येईल, याबद्दल मला शंका नाही. पोडियमवरून पिवळ्या जर्सीपर्यंत, म्हणजे टूर जिंकण्यापर्यंत मात्र ते झटके आणि किलोमागचे वॉट आडवे येतात, आणि तिथे पोगाचार बसलाय. पोगाचार टूरला नसेल असं एखादं वर्ष उजाडलं तर चित्र पालटेल, पण त्याची वाट बघत सीझन आखता येत नाहीत.

२०२६ च्या मार्गात मला त्याच्यासाठी एक चांगली गोष्ट दिसते आणि एक वाईट. चांगली म्हणजे पहिल्याच दिवशी बार्सेलोनाला टीम टाइम ट्रायल, मॉन्तजुइकवर शेवट, वेळ प्रत्येकाची वेगळी मोजणार, त्यामुळे शेवटच्या चढाला टीममेटना सोडून एकटा सुटू शकतो. पहिली पिवळी जर्सी त्याच्या अंगावर असू शकते. वाईट म्हणजे शेवटाला लागोपाठ दोन दिवस आल्प द्युएझ, आणि दुसऱ्या दिवशी क्रुआ द फेर, टेलिग्राफ, गालिब्ये, मग सारेनच्या बाजूने वर, साडेपाच हजार मीटरच्या आसपास चढण, एकोणीस दिवस चालवून झाल्यावर.

---

पहाटसराव

आणि सहाव्या स्टेजला पो ते गाव्हार्नी, आस्पॅंवरून टूरमाले. परत टूरमाले. मी तरी तो दिवस पहिल्या किमीपासून बघणार.

---

घाटमाथा

सहाव्या दिवशी पाय ताजे असतील, तिथे तो जाणार नाही बघा. उलट टूरमाले पुढच्या ग्रुपबरोबर ओलांडेल. आल्प द्युएझचं मी आत्ता काही बोलत नाही, आधी डिसेंबर-जानेवारी काही न मोडता जाऊ दे.